फाल्गुन-चैत्रातल्या पक्ष्यांसाठी ८ × ४२ दुर्बीण: घ्यावी का?

दुर्बीण घ्यायला गेलं की दुकानदार आधी १० × ५० पुढे सरकवतो (पहिला आकडा किती पट मोठं दिसतं तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिमीमध्ये). आकडा मोठा म्हणजे माल भारी! आपल्याकडच्या फाल्गुन-चैत्रात मात्र ८ × ४२ च उपयोगी पडते, आणि त्याचं मोठं कारण ऊन.

सकाळचे साडेनऊ वाजले की नांगरलेलं काळं रान तापतं आणि हवा लहरायला लागते. दहापट दुर्बिणीत पक्ष्यासोबत ही लहरही मोठी होते, हाताचा थरथराटही. आठपटीत ढेकळांतून धावून थबकणारा धाविक डोळ्यावरच्या काळ्या-पांढऱ्या पट्टीसकट ओळखू येतो. शिवाय हजार मीटरवर साधारण १२५ मीटरचा पट्टा नजरेत मावतो. दहापटीत तो १००-११० वर येतो. पळसावर भोरड्यांचा थवा उतरला किंवा शिंजीर या फुलावरून त्या फुलावर उडाला की हा फरक कळतो.

दुकानात काच पुसून बघण्यापेक्षा दुर्बीण बाहेर उजेडात न्या. हातभर लांब धरून आभाळाकडे करा. नेत्रभिंगात दिसणारा उजेडाचा ठिपका पूर्ण गोल हवा. कडा करड्या, चौकोनी कापल्यासारख्या दिसल्या तर आतलं प्रिझम (प्रकाश वळवणारी काच) हलक्या दर्जाचं आहे. मग दूरचा विजेचा खांब बघा. एकाचे दोन दिसले, किंवा दोन मिनिटांत डोळे ओढल्यासारखे वाटले, तर दोन नळ्या एका रेषेत नाहीत. ती घरी दुरुस्त होत नाही, परत द्या. चष्मा असेल तर पूर्ण चित्र दिसताना डोळा आणि नेत्रभिंग यांतलं अंतर (eye relief) किमान १५ मिमी हवं आणि रबरी कप खाली फिरवून बघायचं.

‘धूसर दिसते’ या तक्रारींमागे बहुतेक वेळा न लावलेला डायॉप्टर, म्हणजे दोन डोळ्यांतला फरक जुळवणारी उजव्या नेत्रभिंगावरची कडी, असते. उजवा डोळा मिटा, मधल्या चाकानं डाव्या डोळ्याला एखादी पाटी स्पष्ट करा. आता डावा मिटा आणि चाकाला हात न लावता उजव्या नेत्रभिंगाची कडी फिरवून तीच पाटी स्पष्ट करा. कडी कुठं थांबली ते लक्षात ठेवा. पिशवीत घासून ती सरकते.

आठ-दहा हजारांच्या मालात उणिवा आहेतच. लख्ख आभाळापुढच्या कोतवालाला जांभळी किनार दिसते. पट्टा मानेला काचतो; ६००-७०० ग्रॅमचं वजन दोन तास गळ्यात असतं, म्हणून खांद्यांवरून जाणारे पट्टे वेगळे घ्या. फुफाटा बसलेली काच शर्टाच्या टोकानं पुसली तर लेपावर ओरखडे पडतात. आधी फुंकणी, मग मऊ ब्रश, शेवटी मायक्रोफायबर. उन्हात बंद गाडीत तर ठेवूच नका, चाकाचं वंगण पातळ होतं.

पळस, पांगारा, बांध, गावतळं, एवढ्याला ही पुरते. नाथसागरावर, म्हणजे पैठणजवळच्या जायकवाडी धरणाच्या जलाशयावर, अपुरी पडते. पाणी ओसरून गाळपेरे उघडे पडले की रोहित (फ्लेमिंगो) पार आत, उथळ पाण्यात असतात. आठपटीत नुसती गुलाबी-पांढरी रांग. तिथं २० ते ६० पट दाखवणारा स्पॉटिंग स्कोप (एका डोळ्यानं बघायची मोठी दुर्बीण) आणि जड ट्रायपॉड लागतो. तोही सकाळीच, पैठणच्या बाजूनं: पाणी पश्चिमेला, ऊन पाठीवर. संध्याकाळी त्याच काठावरून सगळे पक्षी काळे दिसतात.