परदेशी क्लब की रेल्वेची नोकरी?

लातूरच्या आमच्या मैदानावर घडलेला एक तरुण व्हॉलीबॉल आक्रमक (जाळ्याजवळ उडी मारून फटका मारणारा खेळाडू) सध्या रेल्वेतील क्रीडा कोट्याची नोकरी आणि युरोपातील दुय्यम श्रेणीच्या क्लबचा करार यांच्यात अडकला आहे. दलालाने दाखवलेले फोटो बाजूला ठेवून मी दोन्हींकडे वाईट हंगामाच्या दृष्टीने पाहतो.

पगार रेल्वेत बारा महिने मिळतो. क्लबचा करार मात्र साधारण ऑक्टोबर ते एप्रिल एवढाच असतो. राहण्याची सोय बहुधा होते, पण उन्हाळ्यात हात रिकामे.

खरा फरक दुखापतीत दिसतो. रेल्वेत रजा आणि रेल्वेचे रुग्णालय असते. परदेशात उपचार आणि पगार करारातल्या एका कलमावर अवलंबून असतात, आणि अनेक लीगमध्ये परदेशी खेळाडूंची संख्या मर्यादित असल्याने जखमी माणसाची जागा क्लबला अडचणीची वाटू लागते. उत्तर युरोपातील माझ्या एकमेव हंगामात संघ हरत होता, पगार लांबत होता आणि डिसेंबरात दुपारी चारलाच अंधार पडे. गुडघ्यावर बर्फाची पिशवी ठेवून मी आईने दिलेली शेंगदाण्याची चटणी पावाला लावून खात असे. आंतरराष्ट्रीय बदली प्रमाणपत्र, म्हणजे परदेशी क्लबकडून खेळण्याचा परवाना, त्या क्लबच्या नावे असल्यामुळे मध्येच दुसरीकडे खेळण्याचीही सोय नव्हती.

खेळ मात्र तिकडेच सुधारतो; रोज उंच ब्लॉकसमोर, म्हणजे जाळ्यावर फटका अडवणाऱ्या हातांसमोर, उडी मारल्याशिवाय तो फटका येत नाही.

घरावर कर्ज असेल किंवा गुडघा आधीच कुरकुरत असेल, त्याने रेल्वे निवडावी. वय बाविशीच्या आत, जबाबदारी कमी आणि दुखापतीचे कलम लेखी असेल, त्याने परदेशी जावे.