एमजीबी रोडस्टरची नवी फ्लोअर पॅनेल: बसवून पाहिल्यानंतरचा अभिप्राय

एमजीबी रोडस्टर या जुन्या ब्रिटिश, उघड्या स्पोर्ट्स कारचे दोन्ही बाजूंचे गंजलेले फ्लोअर (तळाचे पत्रे) कापून काढून त्यांच्या जागी मी जी तयार, अखंड पॅनेल बसवली, ती घेण्याजोगी आहेत असे माझे स्पष्ट मत आहे. ठिगळे जोडून वेळ मारून नेण्यापेक्षा हा मार्ग कितीतरी चांगला आहे. मात्र पॅनेल खोक्यातून काढले आणि वेल्ड केले, इतके हे काम सोपे नाही. विक्रेत्याच्या वर्णनात ज्या गोष्टी येत नाहीत त्यांवरच काम चांगले होणार की फसणार हे ठरते, म्हणून येथे त्यांबद्दल अधिक लिहीत आहे.

१९६२ ते १९८० या काळात बनलेल्या या गाडीला वेगळी चॅसी (खालचा सांगाडा) नाही. सिल (दाराखालची लांब पोकळ पट्टी), मधला टनेल (गाडीच्या मधोमध पुढून मागे जाणारा उंचवटा), आडवा क्रॉसमेंबर आणि फ्लोअर हे सगळे पत्रे एकमेकांना वेल्ड होऊन जी पेटी तयार होते, तीच गाडीचा कणा असते. रोडस्टरला छताचाही आधार नसल्यामुळे सगळा भार याच पेटीवर येतो. त्यामुळे फ्लोअर सडले म्हणजे केवळ पायाखालचा पत्रा गेला असे न समजता गाडीची ताकदच कमी झाली असे समजावे आणि निव्वळ जाडजूड पत्रा दिसला म्हणून पॅनेल पसंत करू नये. पत्र्याच्या जाडीइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, महत्त्व त्यावर दाबून काढलेल्या पन्हाळ्यांना आणि कडांच्या नेमक्या वळणाला आहे. सपाट पत्रा कितीही जाड असला तरी पन्हाळ्यांमुळे येणारा ताठपणा त्याला येत नाही.

जुने फ्लोअर गंजण्याचे कारण शोधल्याशिवाय नवे बसवण्यात अर्थ नाही. कापडी हूडच्या आणि दारांच्या रबरांमधून आत आलेले पाणी कार्पेटखालच्या जाड नमद्यात मुरते आणि वरून सगळे कोरडे दिसत असताना खालचा पत्रा ओलाच राहतो. या गाडीत आणखी एक खास वाट आहे. समोरच्या काचेपुढील जाळीतून आत जाणारे पावसाचे पाणी एका रबरी नळीने खाली सोडलेले असते. ती नळी पानांनी आणि मातीने तुंबली की पाणी हीटरमधून थेट पाय ठेवण्याच्या जागी उतरते. माझ्या गाडीत नमदा उचलल्यावर गंजाचे पापुद्रे थराथराने सुटून आले, आणि डांबरी लेपाखाली पूर्वी कोणीतरी रिबिट मारून बसवलेले ठिगळ निघाले. ठिगळाचा पत्रा शाबूत होता, पण त्याच्या कडेने जुना पत्रा पूर्ण पोखरला गेला होता, कारण दोन पत्र्यांमधल्या फटीत शिरलेले पाणी वाळतच नाही.

आता पॅनेलविषयी. प्रत्येक बाजूचे पॅनेल टनेलपासून सिलपर्यंत आणि पुढच्या पायफळीपासून सीटमागच्या उभ्या पत्र्यापर्यंत एकसंध येते. पन्हाळ्या ठसठशीत आहेत, टनेलकडची कड सरळ आहे आणि ती जवळजवळ काहीही न ठोकता जागेवर बसली. मागची कड मात्र थोडी लांब निघाली, ती घासून कमी करावी लागली. लांब असणे हा दोष मी मोठा मानत नाही, कारण जास्तीचा पत्रा कापता येतो, आखूड पत्रा वाढवता येत नाही. खरी तक्रार सीटच्या बोल्टच्या भोकांबद्दल आहे. एका बाजूची भोके जुन्या जागेपासून काही मिलिमीटर सरकलेली होती. सीटची पट्टी प्रत्यक्ष ठेवून खुणा जुळवून पाहिल्याशिवाय पॅनेलला एकही कायमचा टाका मारू नये, असे मी आग्रहाने सांगेन.

कापण्यापूर्वीची तयारी हा या कामाचा सर्वांत नाजूक भाग आहे. गाडी पुढच्या आणि मागच्या सस्पेन्शनच्या आधारावर, समतल घोड्यांवर उभी असावी. दाराच्या चौकटीत पुढून मागे लोखंडी आधार वेल्ड करून किंवा बोल्टने घट्ट बसवून घ्यावा आणि एका वेळी एकाच बाजूचे फ्लोअर काढावे. गाडी मधोमध खचू लागली की दाराच्या वरच्या बाजूची फट सर्वांत आधी अरुंद होते. म्हणून दारे बसवलेली असतानाच फटींची मापे लिहून ठेवावीत आणि प्रत्येक टप्प्यावर पुन्हा पाहावीत. सिल किंवा कॅसल रेलही (सिलला लागून तळाशी असणारी लांब पट्टी) सडली असेल, तर फ्लोअरआधी तिचा विचार करणे भाग आहे, कारण नवे पॅनेल कुजक्या पत्र्याला जोडून काहीच साधत नाही.

जुने पॅनेल काढताना मूळचे स्पॉट वेल्ड (कारखान्यातले ठिपक्यांसारखे जोड) एकेक करून सोडवावे लागतात. त्यासाठीचा गोल कटर फक्त वरचा पत्रा कापतो आणि खालच्या क्रॉसमेंबरवर वेल्डचे लहानसे बटण शिल्लक राहते, ते नंतर ग्राइंडरने सपाट करता येते. घाईघाईने छिन्नी मारली तर क्रॉसमेंबरची कड वाकते आणि मग नवे पॅनेल तेथे उचललेले राहते. नव्या पॅनेलच्या कडांना ६ ते ८ मिलिमीटरची भोके पाडून, क्लॅम्पने दोन्ही पत्रे घट्ट आवळून, त्या भोकांतून मिग वेल्डिंग (यंत्रातून सतत पुढे येणाऱ्या तारेने होणारे वेल्डिंग) करावे. मी ०.६ मिलिमीटरची तार वापरली. एका ओळीत सलग वेल्ड न करता जागा बदलत गेल्याने पत्रा तापून वेडावाकडा होत नाही. बॅटरी आणि आल्टरनेटरच्या तारा आधी काढाव्यात, आणि पेट्रोलच्या व ब्रेकच्या नळ्या कामाच्या जागेपासून दूर कराव्यात. पेट्रोलच्या नळीजवळ ठिणगी उडवण्याची जोखीम कोणत्याही कारणासाठी घेऊ नये.

पॅनेलवरच्या काळ्या रंगाने फसू नये. माझ्या पॅनेलवरचा रंग निव्वळ वाहतुकीत गंज लागू नये म्हणून दिलेला होता, नखानेही निघत होता, त्यामुळे तो पूर्ण घासून काढला. दोन पत्रे जेथे एकमेकांवर येतात तेथे जस्तयुक्त प्रायमर आधीच लावला, पण भोकांच्या आत तो राहू दिला नाही, कारण त्याने वेल्ड सच्छिद्र होतो. जस्त जळताना निघणारा धूर घातक असतो, म्हणून योग्य मास्क आणि मोकळी हवा हवीच. वेल्डिंगनंतर सगळ्या जोडांवर सीम सीलर (फटी बुजवणारा लेप), खालून दगडमाती झेलणारा लेप आणि सिल व क्रॉसमेंबरच्या पोकळीत मेण, एवढे झाल्याशिवाय कार्पेट परत अंथरू नये.

या पॅनेलला मी कडांच्या जुळणीसाठी भरपूर गुण देतो, भोकांच्या अचूकतेसाठी कमी, आणि रंगासाठी जवळजवळ काहीच नाही. ज्यांच्या गाडीला एका कोपऱ्यात तळहाताएवढे भोक आहे आणि भोवतीचा पत्रा हातोडीच्या टोकाला खणखणीत वाजतो, त्यांनी अखंड पॅनेल घेऊ नये. तेवढाच भाग कापून कडेला कड भिडवून नवा तुकडा जोडावा, म्हणजे कारखान्यातले शाबूत जोड विनाकारण तुटणार नाहीत. गंज क्रॉसमेंबरपर्यंत पोचला असेल, तर मात्र अखंड पॅनेलच घ्यावे आणि मागवतानाच उजवी-डावी बाजू व गाडीचे वर्ष विक्रेत्याकडून लेखी पक्के करून घ्यावे.