जिताड्यासाठी १२ सेंटीमीटरचा तरंगता मिनो

मी पैठणचा. नाथसागरावर मरळीसाठी रबरी बेडूक फेकून हात बसलाय, पण जीव अडकलाय जिताड्यात. सुट्टी मिळाली की कुंडलिकेची खाडी गाठतो. हा मिनो, म्हणजे लहान माशाच्या आकाराचा लुअर (नकली आमिष), त्यासाठीच संभाजीनगरातून साडेचारशे रुपयांना घेतला.

पैसे वसूल! ओढला की मीटरभर खाली जातो, आतले छर्रे खुळखुळतात. खाडीच्या गढूळ पाण्यात हा आवाज फार कामाचा. ओहोटी लागली की लहान मासे ओहोळातून बाहेर येतात आणि जिताडा तोंडाशीच दबा धरून असतो. तिथं फेकायचा, दोन झटके द्यायचे आन् थांबायचं. थांबला की लुअर सावकाश वर तरंगतो, आणि नेमका तेव्हाच धप्पकन् घास बसतो. ही थांबायची कला बुडणाऱ्या लुअरला जमत नाही.

सोबत आलेले तिहेरी गळ मात्र टाकाऊ. मोठ्या माशानं सरळ केले, उरलेले गंजले. खाऱ्या पाण्याचे मजबूत गळ लावा, पण फार जड नकोत, नाहीतर लुअर तरंगणार नाही. लुअरच्या पुढं ४० पौंडी फ्लोरोकार्बनची चिवट दोरी हवीच. जिताड्याच्या कल्ल्यांच्या झाकणाची धार साधी दोरी कापते. घरी आल्यावर गोड्या पाण्यानं धुवा.

मरळीसाठी घेऊ नका. नाथसागराच्या शेवाळात तिहेरी गळ लगेच गुंततो.