सेकंड हँड ड्रोन घेताय? आधी रिमोट जोडून दाखवायला सांगा

लग्नाचे फोटो-व्हिडिओ करणाऱ्या तालुक्याच्या पोरांना सध्या एका पद्धतीनं गंडवलं जातंय. ड्रोन चालता दाखवायचा आणि खोक्यात रिमोट मात्र मेलेला घालायचा. घरी आणल्यावर ड्रोन सुरू होतो, रिमोटही सुरू होतो, दोन्हीचे दिवे लागतात. फक्त ते एकमेकांना ओळखत नाहीत. दुकानदाराला फोन केला की तो शांतपणे सांगतो, "तुम्हाला जोडता येत नसेल." वस्तू नवीन, हात नवीन, त्यामुळे माणूस स्वतःवरच संशय घेतो आणि आठ-पंधरा दिवस निघून जातात. तेवढेच दिवस दुकानदाराला हवे असतात.

मी सेलूचा. तुळशीचं लग्न झालं की आमच्याकडं सराई लागते, आणि आता वरातीचा, मंडपाचा वरून घेतलेला शॉट नसेल तर नवरदेवाचे मित्र अल्बमला हातही लावत नाहीत. परभणीहून भाड्यानं ड्रोनवाला बोलावला की नफ्यातला मोठा वाटा तोच घेऊन जातो. म्हणून स्वतःचा घ्यायचं ठरलं. २४९ ग्रॅमचा, घडी होणारा, सगळ्यांनी पाहिलेला चिनी ड्रोन. आता हा नवा पक्क्या बिलावर मिळणं अवघड, कारण ९ फेब्रुवारी २०२२ ला केंद्र सरकारनं परदेशी तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी घातली. संशोधन, संरक्षण आणि सुरक्षेच्या कामांना सूट आहे, लग्नाच्या शूटिंगला नाही. सुट्या भागांना बंदी नाही. त्यामुळं बाजारात जे फिरतं ते बहुतेक जुनं, नाहीतर मागच्या दारानं आलेलं. बिल नाही, वॉरंटी नाही, बिघडलं तर कुणाच्या दारात जायचं हेही ठरलेलं नाही. असा माल विकणाऱ्याला घेणाऱ्याची अडचण बरोबर माहीत असते.

जाहिरात मोबाइलवर दिसली. संभाजीनगरात एका कॉम्प्लेक्सच्या पहिल्या मजल्यावर कॅमेरा दुरुस्तीचं दुकान, तिथंच जुने ड्रोनही. किंमत ४२ हजार. दुकानदार बोलायला मिठ्ठास, चहा मागवला. काउंटरवर ड्रोन ठेवला, पंखे काढून टाकले, "सेफ्टी भाऊ, बोटं जातात". रिमोटला स्वतःचा मोबाइल लावला. स्क्रीनवर दुकानाचं चित्र आलं, मोटारी गरगरल्या, कॅमेरा वर-खाली झाला. सगळं डोळ्यांदेखत.

"बाहेर उडवून दाखवा ना जरा."

"भाऊ, तुम्ही बातम्या बघत नाही का? २०२४ पासून ड्रोन दिसला की लोक दगड घेऊन येतात. पोलीस आले तर तुम्ही सेलूला जाल, मी हितंच राहायलो."

उत्तर अगदी तयार होतं, आणि खोटंही नव्हतं. २०२४ च्या पावसाळ्यात जालना, बीड, संभाजीनगर जिल्ह्यांतल्या गावांवर रात्री ड्रोन घिरट्या घालतात, चोर टेहळणी करतात, अशी बोंब उठली होती. गावोगाव पोरं रात्रभर गस्त घालत होती. मीही दोन रात्री घातली. त्यामुळं त्याचं म्हणणं पटलं. खऱ्या गोष्टीच्या आडोशानं खोटं चालवणारा माणूस ओळखायला फार जड जातं.

पैसे यूपीआयनं दिले. त्यानं सामान आत नेलं, "बॉक्समध्ये नीट भरून देतो" म्हणून, आणि खोकं बाहेर आणून हातात दिलं. रिमोट बदलला तो या मधल्या वेळात.

आता तांत्रिक भाग, कारण फसलात की नाही हे इथंच कळतं. जोडणी दोन असतात आणि लोक त्यांची गल्लत करतात. एक, मोबाइल ते रिमोट, ही केबलनं. दुसरी, रिमोट ते ड्रोन, ही हवेतून, रेडिओनं. मोबाइलमधल्या ड्रोनच्या अॅपवर नुसतं "डिसकनेक्टेड" दिसतं, पण नेमकं कुठं तुटलं ते आपण शोधायचं. माझ्याकडं पहिली जोडणी कधी होत होती, कधी नव्हती. केबल बदलली तशी ती नीट झाली. नुसत्या चार्जिंगच्या स्वस्त केबलमधून डेटा जात नाही, हे मात्र खरंच लक्षात ठेवा, अर्ध्या लोकांचं दुखणं तेवढंच असतं. पण दुसरी जोडणी काही केल्या होईना. ड्रोनचा मागचा दिवा पिवळा, भरभर लुकलुकणारा. या ड्रोनला त्याचा अर्थ एकच, रिमोटचा सिग्नल मिळत नाही.

मग पुन्हा लिंक करून पाहिलं. अॅपमध्ये कंट्रोलच्या पानावर पुन्हा जोडायचा पर्याय असतो, तो दाबायचा, रिमोट ड्रोनच्या अर्ध्या मीटरच्या आत ठेवायचा आणि ड्रोनचं पॉवर बटण चार सेकंदांपेक्षा जास्त दाबून धरायचं. ड्रोन एकदा बीप करतो, म्हणजे तो रिमोट शोधू लागला. जोडला गेला की पुन्हा वाजतो. माझा पहिल्यांदा वाजायचा आणि मग गप्प. घरात केलं, वाय-फाय बंद करून केलं, वावरात नेऊन केलं, बायकोच्या आणि मेव्हण्याच्या मोबाइलवर केलं, अॅप काढून पुन्हा टाकलं. रिमोटचे चार पांढरे दिवे ऐटीत लागलेले, आणि ड्रोन तिकडं पिवळा.

दुकानदाराची उत्तरं एका ठरलेल्या क्रमानं आली. आधी "मोबाइल सपोर्ट करत नसेल". मग "केबल". मग "फर्मवेअर (ड्रोनच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट मागतंय". त्यानंतर आवाज जरा बदलला, "पाडला तर नाही ना भाऊ तुम्ही?" या प्रश्नापासून सावध राहा. हा प्रश्न चौकशी नसते, पुढच्या भांडणाची तयारी असते. मी व्हॉट्सअॅपवर लिहून कळवलं की एकदाही उडालेला नाही, आणि दिव्याचा व्हिडिओ पाठवला. हे लिहिलेलं पुढं कामाला आलं.

शेवटी त्यानं "कंपनीच्या माणसाचा" नंबर दिला. तो म्हणाला ऑनलाइन लिंकिंग करून देतो, साडेतीन हजार लागतील. पैसे गेल्यावर म्हणाला, मोबाइलची स्क्रीन दिसेल असं एक अॅप टाका. तिथं मी फोन ठेवला. ज्या मोबाइलमध्ये बँक आहे त्याची स्क्रीन अनोळखी माणसाला दाखवायची नाही, एवढं आता शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. आणि मुळात जोडणीला कुणाला पैसे द्यायचेच नसतात. ते मिनिटभराचं काम आहे, मालकानं स्वतः करायचं, फुकट. लिंकिंगचे पैसे मागणारा, मग तो दुकानात बसलेला असो की गुगलवर सापडलेल्या कस्टमर केअरच्या नंबरवर, चोरच समजा. असे पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. जितका उशीर तितकी रक्कम पुढच्या खात्यांत सरकत जाते.

उलगडा परभणीत झाला. तिथं मोबाइल दुरुस्त करणारा माझा एक शाळूसोबती आहे. त्यानं रिमोट हातात घेतला आणि चालू करण्याआधी पाठीमागचं स्टिकर नखानं चाचपलं. एक कोपरा किंचित जाड लागला. हीट गननं जरा ऊब दिली, चिमट्यानं कोपरा उचलला, तर खाली दुसरं स्टिकर. वरच्यावर माझ्या खोक्यावरचा सिरियल नंबर, साध्या लेबल प्रिंटरवर काढलेला, अक्षरं मूळच्यापेक्षा थोडी ठळक. खालचा नंबर वेगळाच. "थांब, आता व्हिडिओ चालू कर," तो म्हणाला, आणि स्क्रू काढायच्या आधीपासून सगळं रेकॉर्ड केलं.

आत पाहिलं तर चार्जिंगचा भाग ठणठणीत, म्हणून दिवे लागत होते. पण रेडिओच्या बाजूला बोर्डवर हिरवट-पांढरा गंज, पाणी गेल्याची खूण. आणि अँटेनाच्या दोन बारीक तारांपैकी एकीचं टिकलीएवढं टोक उखडून नुसतंच लोंबत होतं. "हा पाण्यातनं निघालेला रिमोट हाय. भंगारात मिळतो असला. कितीबी लिंक कर, व्हायचाच नाही."

मग त्यानं खरी परीक्षा घेतली. एका गिऱ्हाइकाचा त्याच मॉडेलचा चांगला रिमोट दुरुस्तीला आलेला होता, मालकाला फोन करून विचारलं आणि माझा ड्रोन त्याला लिंक केला. बीप, बीप, पिवळा दिवा थांबला, चित्र आलं. मिनिटभरात. म्हणजे ड्रोन चांगला होता, मला येतही होतं.

जोडला तेव्हा आणखी दोन गोष्टी बाहेर आल्या, ज्या जोडल्याशिवाय दिसतच नाहीत. "पाच-सहा लग्नं केलीत फक्त" म्हणून विकलेल्या ड्रोनची बॅटरी दोनशेच्या आसपास वेळा चार्ज झालेली होती. आणि ड्रोन अजून दुसऱ्याच कुणाच्या खात्याला बांधलेला होता. जुन्या मालकानं आपल्या खात्यातून तो काढून टाकायला हवा असतो, नाहीतर पुढं अडचणी येतात, आणि तो ड्रोन त्यानं स्वखुशीनं विकला की हरवला होता, हेही कळायला मार्ग राहत नाही.

फोटोग्राफर लोकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर स्टिकरचा फोटो टाकला. अंबडचा एक आणि गेवराईचा एक, दोघांचे फोन आले. तेच दुकान, तोच चहा, पंखे काढून तोच डेमो. गेवराईवाल्यानं तर ड्रोन खराब समजून पार्टसाठी विकून टाकला होता. माझा अंदाज असा की दुकानात चांगला रिमोट एकच आहे, आणि त्याच्यावर ड्रोनमागून ड्रोन विकले जातायत. खरे रिमोट तो वेगळे विकतो, त्यांना नुसतीही दहा-बारा हजार किंमत येते.

म्हणून पैसे देण्याआधी एवढं करून घ्या. मोबाइल तुमचा लावा, दुकानदाराचा नाही. डेमो झाल्यावर दोन्ही बंद करा, पुन्हा सुरू करा, आणि लिंक नव्यानं करून दाखवायला सांगा. ड्रोन, रिमोट आणि खोकं यांवरच्या नंबरांचे फोटो काढा, रिमोटच्या स्टिकरवरून नख फिरवा. बॅटरीची चार्जिंगची संख्या अॅपमध्ये बघा. ड्रोन जुन्या खात्यातून तुमच्यासमोर काढून घ्या. आणि एकदा जोडलेला रिमोट नजरेआड जाऊ देऊ नका. खोक्यात तुम्हीच भरा. उडवायला जागा नाही म्हणाला तर ठीक, पण जोडायला आभाळ लागत नाही.

पुढं काय झालं ते सांगतो, कारण बरेच जण "धंद्यासाठी घेतलं म्हणजे ग्राहक मंचात चालत नाही" म्हणून गप्प बसतात. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी कारणासाठी घेतलेली वस्तू बाहेर ठेवली आहे हे खरं, पण जो स्वतः राबून पोट भरण्यासाठी, स्वयंरोजगारासाठी वस्तू घेतो तो ग्राहकच. लग्नाचं शूटिंग करणारा एकटा माणूस त्यात बसतो, असं वकिलांनी सांगितलं. तक्रार दोन वर्षांच्या आत करायची, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा ग्राहक आयोगात (म्हणजे आधीच्या ग्राहक मंचात) फी नाही, आणि १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. बिलाच्या जागी दुकानदारानं व्हिजिटिंग कार्डामागं "इले. सामान ४२०००" एवढंच लिहून दिलं होतं. तेही, यूपीआयची पावती, व्हॉट्सअॅपवरचं बोलणं आणि रिमोट उघडतानाचा व्हिडिओ, सगळं जोडलं.

अंबडवाल्याला घेऊन दुकानात गेलो. दुकानदारानं आधी आवाज चढवला, मग व्हिडिओ पाहिला, मग पुन्हा चहा. ड्रोन परत घेतला आणि ३० हजार त्याच वेळी खात्यावर टाकले. उरलेल्या १२ हजारांसाठी आणि त्या साडेतीन हजारांसाठी वकिलांची नोटीस गेली आहे, अजून उत्तर नाही. मेलेला रिमोट मी पुरावा म्हणून ठेवून घेतला. त्यानं तो मागितलासुद्धा नाही.

तोच ड्रोन मागच्या आठवड्यात पुन्हा जाहिरातीत आला आहे, या वेळी ३९ हजारांना, "फक्त ५ लग्न वापरलेला" असं लिहून. पुढच्या डाव्या हातावर आतल्या बाजूला नखाएवढा पांढरा ओरखडा आहे आणि कॅमेऱ्याच्या प्लास्टिक झाकणाची एक कडी तुटलेली आहे. फोटो मोठा करून बघा, दिसतं.