व्हॅल्की: रेडिस सोडायचं तर घाईने नको, नीट सोडा

रेडिस म्हणजे डेटा रॅममध्ये ठेवून झटपट हाती देणारा डेटाबेस. २० मार्च २०२४ रोजी रेडिस कंपनीने जाहीर केलं की ७.४ पासूनच्या आवृत्त्या बीएसडी या मोकळ्या परवान्याखाली मिळणार नाहीत. आठवड्याभरात ७.२.४ चा कोड घेऊन लिनक्स फाउंडेशन या ना-नफा संस्थेच्या छत्राखाली व्हॅल्की हे त्याचं खुलं भावंड उभं राहिलं. एडब्ल्यूएस, गुगल क्लाउड, ओरॅकल, एरिक्सन पाठीशी होते. नाशिकच्या सातपूर, अंबड किंवा कॉलेज रोडवरच्या चार-पाच जणांच्या सॉफ्टवेअर ऑफिसला यातून काय घ्यायचं, त्यासाठी हा आढावा.

आधी भीती काढून टाकू. बदललेला परवाना मुख्यतः रेडिसच सेवा म्हणून विकणाऱ्यांना अडवतो. द्राक्षांच्या पॅकहाऊसच्या डिस्पॅच सॉफ्टवेअरमध्ये सेशन (लॉग-इनची नोंद), कॅश (तात्पुरता साठा) आणि एसएमएसची रांग सांभाळायला रेडिस लावलं असेल, तर रातोरात काही उपटून टाकायची गरज नाही. व्हॅल्कीकडे जाण्याचं खरं कारण त्याच्या कारभारात आहे. तांत्रिक समितीत एकाच कंपनीची माणसं एक तृतीयांशाहून जास्त नसावीत, असा तिथला नियम आहे. उद्या एखाद्या संचालक मंडळाला वाटलं म्हणून परवाना फिरणार नाही. आमच्या लेखी वेगापेक्षा हा गुण मोठा आहे.

वेगाबद्दल थोडक्यात. व्हॅल्की ८.० मध्ये आयओ थ्रेड्सचं (नेटवर्कची ये-जा वाटून घेणाऱ्या धाग्यांचं) काम नव्याने झालं, पण दोन कोअरच्या स्वस्त व्हीपीएसवर (भाड्याच्या सर्व्हरवर) ते चालू करून काही हाती लागत नाही. त्याहून जास्त कोअर हवेत. ८.१ मध्ये हॅश टेबल (नोंदी शोधण्याची आतली रचना) बदललं, त्यामुळे प्रत्येक नोंदीमागे लागणारी मेमरी कमी झाली. लाखो छोट्या नोंदी असतील तर हा फरक बिलात दिसतो.

आता स्थलांतर, कारण गाडी अडते ती इथेच. पहिलं काम म्हणजे ‘इन्फो सर्व्हर’ ही कमांड चालवून रेडिसची आवृत्ती बघणं. ७.२ किंवा त्याखालची असेल तर रस्ता सरळ आहे. ७.४ असेल तर डेटाच्या आरडीबी फाइलचं (डिस्कवर साठवलेल्या प्रतीचं) स्वरूप १२ क्रमांकाचं असतं आणि व्हॅल्की ८ ला ११ पर्यंतचंच कळतं. फाइल नाकारली जाते, सर्व्हर सुरूच होत नाही. रेप्लिका (चालू सर्व्हरवरून ताजी होत राहणारी प्रत) करूनही सुटका नाही, कारण पहिल्या सिंकला तेच स्वरूप पाठवलं जातं. एकेक नोंद काढून दुसरीकडे घालणाऱ्या ‘डम्प’ आणि ‘रिस्टोअर’ या कमांडचीही तीच गत. अशा वेळी ‘स्कॅन’ने एकेक नोंद वाचायची, प्रकारानुसार दुसरीकडे लिहायची आणि ‘पीटीटीएल’ने उरलेली मुदत वाचून परत लावायची. हे वेळखाऊ आहे, पण भरवशाचं आहे.

७.२ वरून येताना त्याच मशीनवर ६३८० पोर्टला व्हॅल्की चालू करा आणि ‘रेप्लिकाऑफ’ने जुन्या ६३७९ ला जोडा. डेटा काही काळ दोन्हीकडे राहणार, शिवाय सिंकच्या वेळी फोर्क होतो (सर्व्हर स्वतःची दुसरी प्रोसेस काढतो), म्हणून रॅममध्ये डेटाच्या दुपटीहून थोडी जास्तच जागा असू द्या. जुन्या सर्व्हरला पासवर्ड असेल तर तो व्हॅल्कीच्या ‘प्रायमरीऑथ’मध्ये टाका (७.२ मध्ये हेच ‘मास्टरऑथ’), नाहीतर जोडणी कधीच ‘अप’ दिसणार नाही. जोडणी झाली की आधी रांगेचे वर्कर थांबवा, मग अ‍ॅप. दोन्हीकडचे रेप्लिकेशन ऑफसेट (डेटा कुठवर पोचला त्याचे आकडे) जुळले की जोडणी तोडणारी ‘रेप्लिकाऑफ नो वन’ कमांड द्या आणि अ‍ॅपचा पोर्ट बदला. नोंदी मोजणाऱ्या ‘डीबीसाइझ’मध्ये थोडा फरक दिसला तर घाबरू नका, मुदत संपलेल्या पण अजून न पुसलेल्या नोंदी त्यात मोजल्या जातात.

फाइल कॉपी करून जाणाऱ्यांसाठी एक मोठा खड्डा आहे. कॉन्फिगमध्ये ‘अपेंडओन्ली’ चालू असेल तर सर्व्हर सुरू होताना आरडीबीकडे बघतच नाही, एओएफ (प्रत्येक बदल लिहून ठेवणारी फाइल) शोधतो. तो नसला की रिकामा डेटाबेस उघडतो, आणि लॉगमध्ये सगळं आलबेल दिसतं! म्हणून आधी ‘अपेंडओन्ली’ बंद ठेवून सुरू करा, नोंदी आल्यात याची खात्री करा, मग ‘कॉन्फिग सेट’ने ते चालू करा आणि ‘कॉन्फिग रीराइट’ने जपून ठेवा. फाइलची मालकी व्हॅल्कीच्या युजरकडे द्यायला विसरू नका.

पीएचपी, पायथन, नोडच्या नेहमीच्या लायब्ररी बदलाव्या लागत नाहीत. ‘इन्फो’मध्ये रेडिसची आवृत्ती ७.२.४ आणि खाली व्हॅल्कीची वेगळी आवृत्ती दिसते. जुन्या लायब्ररी बिथरू नयेत म्हणून ते मुद्दाम ठेवलंय. अडचण आहे ती रेडिसच्या सर्च आणि जेसन मॉड्यूलवर (वरून जोडायच्या भागांवर) उभ्या असलेल्या कामांची. व्हॅल्कीची स्वतःची मॉड्यूल आहेत, पण ती मूळ सर्व्हरसोबत येत नाहीत आणि प्रत्येक कमांड जुळेलच असं नाही. तुमच्या कमांडची यादी काढून चाचणी घ्या, नुसत्या नावावर जाऊ नका.

अशा मॉड्यूलवर अवलंबून असणाऱ्यांनी रेडिस ८ चाही विचार करावा. मे २०२५ मध्ये कंपनीने त्यात एजीपीएल हा खुला परवाना पर्याय म्हणून दिला. चुकलेलं पाऊल मागे घेतलं, त्याची नोंद घेणं न्यायाचं आहे. रेडिसच्या कोडमध्ये स्वतः बदल करून तो नेटवर्कवरून इतरांना वापरायला दिला, तर तो बदल त्यांच्यासाठी खुला करावा लागतो, एवढं लक्षात ठेवा.

रागाने पोस्ट लिहिण्यापेक्षा व्हॅल्कीला एक नीट बग रिपोर्ट दिलेला जास्त उपयोगी पडतो: आवृत्ती, कॉन्फिग, चूक पुन्हा घडवण्याच्या पायऱ्या, लॉगच्या शेवटच्या ओळी. रांगेतले शेतकऱ्यांचे मोबाइल नंबर त्यातून आधी काढा. कोड पाठवायचा असेल तर ‘गिट कमिट’ला ‘-s’ (लहान अक्षर) लावून सही करावी लागते. हक्क कुठल्या कंपनीच्या नावावर करून द्यावे लागत नाहीत.

वेळ निवडताना द्राक्षांचा हंगाम टाळा, पावसाळा बरा. लॉज बुकिंगचं सॉफ्टवेअर चालवणाऱ्यांनी तर २०२७ च्या सिंहस्थाची गर्दी सुरू होण्याच्या पुष्कळ आधी हे उरकावं. बदलानंतर जुनी आरडीबी फाइल आठवडाभर वेगळ्या डिस्कवर ठेवा. मात्र तिच्यावर परत गेलात तर मधल्या दिवसांच्या नोंदी मिळणार नाहीत, हे ग्राहकाला आधीच सांगून ठेवा.