शस्त्रक्रियेला नकार: वयाची अट की समजुतीची कसोटी?

हाड मोडलेल्या किशोरवयीन रुग्णाने शस्त्रक्रिया नाकारली, तर तो नकार वयावरून तोलायचा की त्याच्या समजुतीवरून? वयाची अट स्पष्ट असते, आणि हाड त्वचेबाहेर आलेल्या अस्थिभंगात, जिथे जंतुसंसर्गाचा धोका असल्याने विलंब परवडत नाही, तिथे पालकांच्या संमतीने काम लवकर सुरू होते. मात्र ज्याच्या शरीरात धातूची पट्टी आणि स्क्रू बसवायचे, त्याचेच म्हणणे वयाची अट बाजूला ठेवते.

समजुतीची कसोटी मला अधिक न्याय्य वाटते. ब्रिटनमधील गिलिक खटल्यात १९८५ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायपीठाने, असे मानले की, सोळा वर्षांखालील मुलाला उपचार पुरेसा समजत असेल, तर त्याची संमती ग्राह्य धरता येते. पुढे तिथल्याच न्यायालयांनी नकाराला मात्र तेवढे वजन दिले नाही. ही विसंगती मला खटकते, कारण ‘हो’ म्हणण्याइतकी समज असलेल्याचे ‘नाही’ निदान गांभीर्याने ऐकले गेलेच पाहिजे.

अर्थात, नकाराचे परिणाम दुखापतीनुसार बदलतात. गळपट्टीचे हाड अनेकदा झोळीच्या आधाराने जुळते, आणि वाढत्या वयात थोडा वाकडेपणा हाड स्वतःच भरून काढते. मांडीच्या हाडाची मान सरकून मोडली असेल, तर मात्र रक्तपुरवठा तुटून खुबा कायमचा निकामी होऊ शकतो, म्हणून तिथे समजुतीची कसोटी अधिक कडक असावी आणि भीती, वेदना किंवा कुणाचा दबाव यांतून नकार आला आहे का, हे डॉक्टरांनी रुग्णाशी एकांतात बोलून तपासावे.