व्हीकार्व्ह प्रो, आठ महिन्यांच्या वापरानंतर: रेघ साफ असेल तरच काप साफ

मशीन 1300 × 2500 मिमीचा सीएनसी राऊटर, म्हणजे संगणकाच्या फाइलीप्रमाणे फिरतं बिट चालवून लाकूड कापणारं यंत्र, डीएसपी हँडलवर (हातात धरायच्या कंट्रोलरवर) चालणारं. काम बडोद्यातलं नेहमीचं: घरावरच्या पाट्या, देव्हाऱ्यांच्या जाळ्या, दारांचे पॅनेल, गणपतीच्या आधी एमडीएफची मखरं. चित्र काढून त्याचे काप ठरवणारं व्हीकार्व्ह प्रो हे सॉफ्टवेअर आठ महिने रोज वापरल्यावर पक्कं झालेलं मत असं की वाया गेलेल्या फळ्यांपैकी बहुतेक मशीनवर वाया जात नाहीत, त्या स्क्रीनवर चित्र काढतानाच वाया गेलेल्या असतात. म्हणून इथं टूलपाथपेक्षा (बिट फिरण्याच्या वाटेपेक्षा) चित्राच्या हत्यारांवर जास्त लिहिलं आहे.

आधी खरेदीपुरतं. फक्त विंडोजवर चालतं. पैसे एकदाच भरायचे, दरमहा भाडं नाही. फुकटच्या आवृत्तीत सगळी हत्यारं मिळतात, पण स्वतःच्या चित्राची कटिंग फाइल सेव्ह होत नाही, कंपनीने दिलेल्या नमुन्यांचीच होते. शिकायला तेवढं पुरतं. व्हीकार्व्हच्या डेस्कटॉप आवृत्तीत कामाचा आकार 25 × 25 इंचांवर अडतो, त्यामुळे 8 × 4 फुटी शीटवाल्यांनी प्रोच घ्यावं. फुलं-वेली, मूर्ती यांचं उठावाचं 3डी मॉडेल स्वतः घडवायचं असेल तर त्याच कंपनीचं अस्पायर लागतं. रावपुऱ्यातल्या तांबेकर वाड्यासारख्या जुन्या लाकडी वाड्यांतलं कोरीवकाम डोळ्यांसमोर ठेवून कुणी टोकदार व्ही-बिटकडून तसा उठाव मागू नये, तो निघणार नाही. बाहेरून आणलेलं 3डी मॉडेल मात्र प्रोमध्ये कापता येतं.

चित्राच्या हत्यारांत सगळ्यात आधी नोड एडिट हातात बसवावं. एन दाबलं की रेघेवरचे बिंदू, म्हणजे नोड, दिसतात. पी ने बिंदू वाढतो, डी ने जातो. रेघेवर ए दाबलं की कमान, बी दाबलं की बेझिए (मुक्त वळणाची रेघ), एल दाबलं की परत सरळ रेघ. नवशिके गुगलवरून फोटो आणून ट्रेस करतात (सॉफ्टवेअरकडून त्याच्या रेघा काढून घेतात) आणि तसाच कापायला लावतात. ट्रेस केलेल्या एका कमळाला चारशे नोड असू शकतात, हाताने काढलं तर चाळीस पुरतात. फरक लाकडावर दिसतो: नोड दाट असले की प्रत्येक बारीक तुकड्यावर मशीनचा वेग पडतो, बिट एकाच जागी घासत राहतं आणि सागवानावर काळे डाग पडतात. फिट कर्व्हज या हत्याराने 0.05 मिमी टॉलरन्सवर (एवढा फरक चालेल असं धरून) नोड कमी करावेत, उरलेले हाताने उडवावेत. वेळ जातो, पण नंतर सँडपेपर घासण्यात त्याहून जास्त जातो.

दुसरी गोष्ट उघड्या रेघांची. पॉकेट (सपाट तळाची खोदाई) आणि व्ही-कार्व्ह (व्ही-बिटाने कोरणं) यांना बंद आकारच लागतो. ऑटोकॅडमधून आलेल्या डीएक्सएफ फाइलमध्ये टोकं जुळलेली दिसतात, पण मध्ये केसाएवढी फट असते. रेघा जोडायच्या जॉइन व्हेक्टर्स या हत्यारात टॉलरन्स 0.1 मिमीपासून सुरू करावा. एकदम 2 मिमी दिला तर जाळीतले बारीक कोपरे एकमेकांना चिकटतात. कॉपी-पेस्टमध्ये एकाच जागी दोन रेघा बसल्या असतील तर डोळ्यांना एकच दिसते, मशीन मात्र तोच काप दोनदा घेतं आणि कड जळते. व्हेक्टर व्हॅलिडेटर अशा रेघा आणि एकमेकींना छेदणाऱ्या जागा दाखवतो. टूलपाथ काढण्याआधी तो प्रत्येक वेळी चालवावा, अगदी साध्या चौकोनावरसुद्धा.

आता पाट्यांचं. बडोद्यात एकाच पाटीवर मराठी आणि गुजराती दोन्ही लागतं, आणि दोघींचा स्वभाव वेगळा. गुजराती लिपीला शिरोरेघ नाही, त्यामुळे बहुतेक अक्षरं सुटी राहतात आणि सरळ कापली जातात. ‘कुलकर्णी’ घेतलं तर प्रत्येक अक्षर आपापला शिरोरेघेचा तुकडा घेऊन येतं आणि तो शेजारच्यावर थोडा चढलेला असतो. सॉफ्टवेअर त्या चढलेल्या चिंचोळ्या पट्टीला आकाराबाहेरची जागा समजतं, म्हणून तिथं लाकूड न कापता तसंच राहतं. कापल्यावर शिरोरेघेत दर अक्षराला एक बारीक खुंटी उभी दिसते. रफार आणि वेलांटी जिथं टेकतात तिथंही तेच. सगळ्यात खात्रीचा रस्ता असा: मजकूर इंकस्केपमध्ये युनिकोड फाँटात लिहायचा, ऑब्जेक्ट टू पाथ करायचं, युनियन करून सगळ्यांचा एकच आकार करायचा, एसव्हीजी काढून इथं आयात करायची. आयात झाल्यावर रुंदी मोजून बघायची, कारण प्रोग्राम बदलताना माप बदलू शकतं. मजकूर इथंच लिहिला असेल तर त्याचे कर्व्ह करून वेल्ड करायचे. वेल्डनंतर नोड एडिटने सांधे एकदा डोळ्यांखालून घालायचे, रफाराच्या मुळाशी एखादा फालतू नोड राहतोच.

व्ही-कार्व्हमध्ये खोली आपण देत नाही, अक्षराची जाडी ती ठरवते. 90 अंशाच्या बिटाने 10 मिमी रुंद दांडी 5 मिमी खोल जाते, 60 अंशाच्या बिटाने तीच 8.66 मिमी. पाटी 12 मिमीची आणि दांडी 14 मिमीची असेल तर 60 अंशाचं बिट आरपारच जाईल. अशा वेळी फ्लॅट डेप्थ (खोलीची मर्यादा) 4–5 मिमी द्यावी आणि तळ साफ करायला 3 मिमीचं सपाट एंड मिल जोडावं.

याच हिशोबातून पावसाळ्यातली एक तक्रार सुटते. ओल धरलेली फळी वाकते, आणि फळी जिथं अर्धा मिमी वर उचललेली असते तिथं 90 अंशाच्या बिटाची रेघ 1 मिमी जास्त रुंद येते, 60 अंशाची जेमतेम 0.6 मिमी. नावाचं एक टोक ठळक आणि दुसरं बारीक दिसतं ते यामुळेच, दोष फाँटाचा नसतो. बेडवरची (मशीनच्या टेबलावरची) एमडीएफ एकसारखी फेस करून, म्हणजे वरून सपाट कापून घेतली, फळी चारही बाजूंनी दाबली आणि 60 अंशाचं बिट लावलं की हा फरक डोळ्यांत भरत नाही.

झेड शून्य (खोली जिथून मोजायची ती जागा) कुठं धरायचं हे जॉब सेटअपमध्येच ठरवावं. व्ही-कार्व्ह आणि पॉकेटसाठी फळीचा वरचा पृष्ठभाग. आरपार कापायचं असेल तर बेड, कारण 18 मिमी म्हणून मिळणारा प्लाय मोजला तर बऱ्याचदा 17.4 भरतो. कॅलिपरने चार ठिकाणी मोजून खरा आकडा टाकावा.

प्रोफाइलमध्ये (आकाराच्या कडेने कापताना) आउटसाइड, इनसाइड, ऑन, म्हणजे रेघेच्या बाहेरून, आतून की रेघेवरून, यांतली चूक सगळ्यांच्या वाट्याला एकदा तरी येते: 6 मिमीच्या बिटाने ‘ऑन’वर कापलेला तुकडा दोन्ही मापांत 6 मिमीने लहान निघतो. गोल बिट आतल्या कोपऱ्यात 3 मिमीची गोलाई सोडतंच. खाचेत फळी बसवायची असेल तर फिलेटमधलं डॉग-बोन (कोपऱ्यात थोडं जास्त कोरणारं) वापरावं, नाहीतर प्रत्येक कोपऱ्याला पटाशी लावत बसावं लागतं. सागवानात सेपरेट लास्ट पास (शेवटची वेगळी फेरी) 0.3 मिमीचा ठेवून त्याची दिशा उलटी करावी. आधीच्या फेऱ्या कन्व्हेन्शनल, शेवटची क्लाइंब: कड रंधा मारल्यासारखी येते. टॅब (तुकडा जागेवर धरून ठेवणारे न कापलेले दुवे) 8 मिमी लांब, 3 मिमी जाड. ते सरळ बाजूवर ठेवावेत, कमानीवरचे टॅब साफ करताना आकार बिघडतो.

फीडचे (बिट पुढे सरकण्याच्या वेगाचे) तयार आकडे डोळे झाकून घेऊ नयेत. 6 मिमीचं दोन धारांचं बिट, 16,000 आरपीएम, दर धारेला 0.1 मिमी, म्हणजे मिनिटाला 3200 मिमी. एका फेरीत खोली 3 मिमी. वेग भिऊन 1000 वर आणला तर बिट कापायचं सोडून घासतं. ढलप्यांऐवजी पीठ पडायला लागलं की वेग कमी पडतोय हे ओळखावं. सागात नैसर्गिक सिलिका असते, त्यात धार लवकर जाते, कार्बाइडशिवाय पर्याय नाही. सनमायका लावलेल्या प्लायला डाउनकट (ढलपी खाली ढकलणारं) बिट, नाहीतर वरची कड उखडते.

एक गोष्ट आठ महिन्यांनंतरही खटकते. टूलपाथ काढल्यावर चित्र सरकवलं किंवा बदललं, तरी आधी काढलेला टूलपाथ जुन्या जागीच राहतो. रिकॅल्क्युलेट केल्याशिवाय नवं काही फाइलमध्ये जात नाही आणि जुनाच आकार मुकाट कापला जातो. सेव्ह करण्याआधी सगळे टूलपाथ रिकॅल्क्युलेट करून प्रीव्ह्यू पुसून परत चालवणं हाच उपाय. पोस्ट प्रोसेसरही (टूलपाथ मशीनच्या भाषेत लिहिणारा भाग) तेव्हाच बघावा: मशीन मिमीवर आणि पोस्ट इंचांचा असेल तर 254 मिमीची पाटी 10 मिमीची होते. कमानींचा पोस्ट चालत असेल तर तोच घ्यावा, फाइल लहान होते आणि वळणं गुळगुळीत येतात. पेन ड्राइव्हवर व्ही-कार्व्ह आणि पॉकेटच्या फाइलींना 1, 2 आणि बाहेरच्या कापाला 3 असं नाव द्यावं. तुकडा सुटल्यावर त्याच्यावर कोरता येत नाही.